जुनी जर्मन वाइड लेन्स मागून पुढे वाचायला शिका

विकायला ठेवलेल्या जुन्या लेन्सच्या फोटोत पहिला दिसतो तो पुढचा चेहरा. गोल कड्यावर ‘कार्ल झाइस’, ‘फ्लेक्टोगॉन’, ‘डिस्टागॉन’ असं काहीतरी कोरलेलं, काच लखलखीत, खाली किंमत. नवखा माणूस नाव वाचतो आणि भुलतो. माझा सल्ला उलटा आहे. लेन्स मागून वाचायला घ्या आणि नाव सगळ्यात शेवटी वाचा. नाव विकलं जातं, भाड्याने दिलं जातं, क्वचित घासून नव्याने कोरलंही जातं. माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा भाग), मागची काच आणि ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या, लहानमोठ्या होणाऱ्या भोकाची) यंत्रणा यांची थापेबाजी करणं फार अवघड असतं.

या लेखात वाइड म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या (आजच्या भाषेत फुल फ्रेम) कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या, ३५ मिमी किंवा त्याहून कमी फोकल लेंग्थच्या लेन्सेस. काळ साधारण १९५० ते १९९०. तुमचा कॅमेरा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) असेल तर आत्ताच एक हिशेब करून ठेवा: ३५ मिमीची लेन्स तिथे ५२ मिमीसारखी दिसते, म्हणजे वाइड उरतच नाही. खरं वाइड हवं असेल तर २० किंवा २५ मिमीकडे जावं लागेल आणि खिसाही तेवढा मोकळा करावा लागेल.

पायरी १: मागची काच कुठवर येते ते बघा

लेन्स उलटी धरा. मागची काच माउंटच्या कड्याच्या आत आहे, की फुगून कॅमेऱ्यात घुसेल इतकी बाहेर आली आहे? या एका प्रश्नाने जर्मन वाइड लेन्सेसची दोन घराणी वेगळी होतात.

पहिलं घराणं रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचं. तिथे आत आरसा नसतो, त्यामुळे काच थेट फिल्मजवळ नेता येते. लुडविग बेर्टेले यांचा २१ मिमी एफ/४.५ (एफ/ पुढचा आकडा ॲपर्चरचा, आकडा लहान तितकं भोक मोठं) बायोगॉन १९५४ मध्ये कॉन्टॅक्ससाठी आला, तो असाच. लायकासाठी श्नायडरने बनवलेला २१ मिमी सुपर-अँग्युलॉन (१९५८ मध्ये एफ/४, १९६३ मध्ये एफ/३.४) हाही त्याच जातीचा. पुढे आणि मागे जवळजवळ सारखी भिंगं असल्याने सरळ रेषा सरळच राहतात. इमारतींचे फोटो काढणारे आजही बायोगॉनचं नाव आदराने घेतात, ते यामुळेच.

दुसरं घराणं एसएलआरचं, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचं. आरसा वरखाली हलायला मोकळी जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून ४५ मिमीच्या आसपास लांब बसते. आता २० किंवा ३५ मिमीची लेन्स इतक्या लांबून फोकस कशी करणार? उपाय निघाला तो पुढे एक मोठं ऋण भिंग लावण्याचा, म्हणजे रेट्रोफोकस रचना. फ्रान्समध्ये आंजेन्यूने १९५० मध्ये ३५ मिमी एफ/२.५ आणली. त्याच सुमारास पूर्व जर्मनीतल्या येनामध्ये, झाइसच्या कारखान्यात, हॅरी झोल्नर आणि रुडॉल्फ झोलिश यांनी ३५ मिमी एफ/२.८ फ्लेक्टोगॉन आखली. पुढचं भिंग मोठं आणि मागचं लहान, ही या घराण्याची खूण. २० मिमी एफ/४ फ्लेक्टोगॉनला ७७ मिमीचा फिल्टर लागतो! लेन्स हातात घेतली की तिचं तोंड अंगापेक्षा मोठं वाटतं.

आजच्या मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. पहिल्या घराण्याच्या लेन्समधून कडेचे किरण सेन्सरवर खूप तिरके पडतात. फिल्मला त्याचं काही वाटत नसे, सेन्सरला वाटतं. कोपरे जांभळट होतात, काळवंडतात, तपशील विरघळतो. शिवाय बाहेर आलेली काच शटरला किंवा आतल्या कशाला तरी घासण्याची भीती असतेच. म्हणून डिजिटलवर वापरायला पहिली जुनी वाइड लेन्स घेत असाल, तर ती रेट्रोफोकसच घ्या. बायोगॉन आणि सुपर-अँग्युलॉन फिल्मवाल्यांसाठी राहू द्या.

पायरी २: माउंट ओळखा

साधे आटे दिसले तर मोजपट्टी लावा. ४२ मिमी व्यास असेल तर एम४२. १९४९ च्या ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यावर हे माउंट आलं आणि पुढे प्रॅक्टिकासकट जगभरच्या कॅमेऱ्यांनी उचललं. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. ३९ मिमीचे बारीक आटे म्हणजे लायकाचं जुनं स्क्रू माउंट.

तीन पाकळ्या आणि नळीच्या बाजूला बटण असलेला एक दांडा बाहेर आलेला दिसला, तर तो एक्झाक्टा. १९३६ पासून ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचे हे कॅमेरे. तो दांडा कॅमेऱ्याच्या शटर बटणावर येऊन बसतो. तो दाबला की आधी ॲपर्चर मिटतं, मग शटर उडतं. दिसायला विचित्र, पण ओळख म्हणून याहून सोपी खूण नाही.

ॲपर्चरची रिंगच नाही? घाबरू नका, तुटलेली नाही. डीकेएल माउंट (कोडॅक रेटिना रिफ्लेक्स, व्हॉइग्टलेंडर बेसामॅटिक) आणि झाइस इकॉनच्या कॉन्टारेक्सच्या बहुतेक लेन्सेसना ॲपर्चरचं नियंत्रण कॅमेऱ्यावर असे. अशा लेन्ससाठी स्वतःची ॲपर्चर रिंग असलेला अडॅप्टरच (एका माउंटची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याला जोडणारं कडं) घ्यावा लागतो. डीकेएलमध्ये आणखी एक खोडी आहे. रेटिनाच्या आणि बेसामॅटिकच्या लेन्सेसच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात, आणि प्रत्येक अडॅप्टर दोन्ही घेईलच असं नाही.

पश्चिम जर्मनीकडून उरतात रोलायचं क्यूबीएम, कॉन्टॅक्स/याशिका आणि लायका आर. पूर्वेकडून सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेलं प्रॅक्टिका बी, आणि मध्यम फॉरमॅटचं पेंटाकॉन सिक्स. या शेवटच्याबाबत सावध राहा. पेंटाकॉन सिक्सची ५० मिमी एफ/४ फ्लेक्टोगॉन ६×६ फिल्मवर वाइड आहे, तुमच्या फुल फ्रेमवर मात्र ती पन्नासच राहते. ‘फ्लेक्टोगॉन स्वस्तात’ म्हणून ती घेणारे पुष्कळ भेटतात. वजन उचलायचा व्यायाम होतो, एवढाच त्यांचा फायदा.

मिररलेस कॅमेरा असेल तर यातलं जवळजवळ सगळं साध्या अडॅप्टरने बसतं. सोनी ई चं अंतर १८ मिमी, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६, त्यामुळे जागाच जागा. कॅननच्या डीएसएलआरवर (डिजिटल एसएलआर, अंतर ४४ मिमी) एम४२, कॉन्टॅक्स/याशिका आणि लायका आर बसतात, पण काही लेन्सेसची मागची कड फुल फ्रेमच्या आरशाला लागते. त्या जोडीबद्दल आधी विचारून घ्या. निकॉनच्या डीएसएलआरचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम४२ पेक्षा जास्त. तिथे काच नसलेला अडॅप्टर लावला तर लांबचं फोकस होणारच नाही, आणि काच असलेला लावला तर लेन्सची मजा जाईल. निकॉनच्या डीएसएलआरसाठी जुनी जर्मन वाइड घेण्याच्या भानगडीत पडू नका.

पायरी ३: ॲपर्चर कसं चालतं, त्यावरून वय

दोन रिंगा आहेत, एकीवर आकडे टकटक बसतात आणि दुसरी मोकळी फिरते? ती प्रीसेट. पहिल्या रिंगने हवा तो आकडा ठरवायचा, दुसरी उघडून फोकस करायचं आणि मग ती मिटवायची. गोर्लिट्झच्या मायर कंपनीच्या ३५ मिमी एफ/४.५ प्रायमागॉन आणि ३० मिमी एफ/३.५ लिडिथ अशाच. मिटायला स्प्रिंग नसल्यामुळे पाती जास्त देता येतात आणि भोक गोल राहतं. मिररलेसवर प्रीसेटचा काही तोटा नाही, उलट बिघडायला आत काहीच नसतं.

एम४२ च्या मागे बारीक पिन दिसली तर ऑटो ॲपर्चर. बऱ्याच लेन्सेसना ‘ए’ आणि ‘एम’ असा खटकाही असतो. खटका नसेल तर पिन आत दाबून धरणारी कड असलेला अडॅप्टर घ्या, नाहीतर ॲपर्चर सतत उघडंच राहील आणि तुम्ही लेन्सला दोष देत बसाल. पिनेजवळ तीन धातूचे ठिपके आणि नळीवर ‘इलेक्ट्रिक’ लिहिलेलं असेल तर ती १९६९ च्या प्रॅक्टिका एलएलसी किंवा त्यानंतरच्या कॅमेऱ्यांसाठीची. ॲपर्चरचा आकडा विजेच्या संपर्काने कॅमेऱ्याला कळवण्याची ती सोय होती. आज त्या ठिपक्यांचा उपयोग नाही, पण लेन्स १९६९ ची किंवा नंतरची हे त्यावरून पक्कं होतं.

पायरी ४: अंगावरचा पोशाख

पूर्व जर्मन लेन्सेस पोशाखावरून पटकन ओळखू येतात. पन्नासच्या दशकात चांदीसारखं उघडं ॲल्युमिनियम. साठच्या दशकात काळे-पांढरे पट्टे, ज्याला सगळे ‘झेब्रा’ म्हणतात. सत्तरपासून पूर्ण काळी नळी. या सीमा काटेकोर नाहीत. ३५ मिमी फ्लेक्टोगॉन तीनही पोशाखांत मिळते, आणि पोशाखासोबत तिचं जवळ फोकस करणंही बदलत गेलं. चांदीवाली फार जवळ जात नाही. झेब्रा आणि काळी एफ/२.४ मात्र सेन्सरपासून वीस सेंटिमीटरच्याही आत येतात. वीस सेंटिमीटर म्हणजे टेबलावरच्या कपावर लेन्सचा पुढचा काठ जवळजवळ टेकतो, आणि मागे अख्खी खोली दिसते. फ्लेक्टोगॉनची आजची किंमत मुख्यतः या एका करामतीची आहे, असं माझं मत.

पायरी ५: आता पुढचं कडं वाचा

इथे थोडा इतिहास लागतो. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने येना सोडण्यापूर्वी झाइसच्या अनेक तज्ज्ञांना पश्चिमेकडे नेलं. त्यांनी ओबरकोखेनमध्ये नवा कारखाना उभा केला. येनाचा मूळ कारखाना सोव्हिएत विभागात गेला आणि १९४८ मध्ये सरकारी मालकीचा झाला. दोघेही स्वतःला कार्ल झाइस म्हणवत होते. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. त्याचा परिणाम तुमच्या हातातल्या कड्यावर कोरलेला आहे.

‘कार्ल झाइस येना’ लिहिलेलं असेल तर पूर्व. पश्चिमेच्या बाजारासाठी पाठवलेल्या येनाच्या लेन्सेसवर मात्र नाव आखडतं: नुसतं ‘येना’ किंवा ‘आउस येना’, आणि लेन्सच्या नावाच्या जागी कधीकधी एकच अक्षर, जसं टेसार या लेन्ससाठी ‘टी’. असली लेन्स बनावट नसते, फक्त तिचं नाव कोर्टाने कापलेलं असतं. काच तीच, आणि किंमत बरेचदा थोडी कमी. हुशार माणूस अशीच शोधतो. दुसऱ्या बाजूला, ओबरकोखेनच्या सुरुवातीच्या लेन्सेसवर ‘झाइस-ऑप्टॉन’ दिसतं. म्हणजे ‘ऑप्टॉन’ पश्चिमेचं.

एसएलआरच्या वाइड लेन्सेसबाबत एक सोपा आडाखा पाठ करा. फ्लेक्टोगॉन म्हणजे येना. डिस्टागॉन म्हणजे ओबरकोखेन. दोघांची मूळ कल्पना एकच, पण नावं एकमेकांच्या अंगणात गेली नाहीत. प्रॅक्टिका बी माउंट आल्यावर फ्लेक्टोगॉनचीच ३५ एफ/२.४ आणि २० एफ/२.८ ही भावंडं ‘प्रॅक्टिकार’ नावाने विकली गेली.

मायरची कहाणीही अशीच वळणाची. १९६८ मध्ये ही कंपनी ड्रेस्डेनच्या पेंटाकॉनमध्ये विलीन झाली आणि जुन्याच लेन्सेसवर नवं नाव चढलं. २९ मिमी एफ/२.८ ओरेस्टेगॉन झाली पेंटाकॉन २९ एफ/२.८, लिडिथ झाली पेंटाकॉन ३० एफ/३.५. म्हणून ‘मायर’ लिहिलेल्यासाठी दुप्पट पैसे देण्याआधी पेंटाकॉन शोधा. २०१४ च्या सुमारास मायरचं नाव पुन्हा बाजारात आलं आणि लिडिथही नव्याने बनली. ती नवी लेन्स आहे, जुनी म्हणून कोणी गळ्यात मारू नये.

पश्चिम जर्मनीतली छोटी नावं पटापट सांगतो: श्नायडर-क्रॉइत्स्नाखची कुर्टागॉन (३५ एफ/२.८ आणि २८ एफ/४), गोटिंगेनच्या इस्कोची वेस्ट्रॉन, म्युनिकच्या एन्नाची लिथागॉन आणि वेगवान ३५ एफ/१.९ सुपर-लिथागॉन, म्युनिकच्याच रोडेनश्टॉकची युरिगॉन, श्टाइनहाइलची कुल्मिगॉन, व्हॉइग्टलेंडरची स्कोपारेक्स. बऱ्याचशा एक्झाक्टा किंवा एम४२ मध्ये सापडतात. यातल्या कुर्टागॉनकडे लोक कमी बघतात, आणि ती लहान, नीटस, उन्हात चांगले रंग देणारी लेन्स आहे.

कड्यावरचे आकडेही बोलतात. जुन्या जर्मन लेन्सेसवर फोकल लेंग्थ सेंटिमीटरमध्ये असे: ‘३,५ सेंमी’ म्हणजे ३५ मिमी, आणि दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम. असं दिसलं तर लेन्स युद्धाआधीची किंवा पन्नासच्या दशकापर्यंतची. क्रमांकावरून वर्ष काढण्याची हौस सगळ्यांना असते, आणि ते जमतंही, पण येनाच्या शेवटच्या काळातल्या काही लेन्सेसवर क्रमांक अचानक चार-पाच आकडी झालेले दिसतात. लहान क्रमांक, काळी नळी आणि ‘एमसी’ (मल्टिकोटिंग, पायरी ६ बघा) हे तिन्ही एकत्र आले तर ती जुनी नव्हे, उशिराची लेन्स.

आता देशाचं नाव. ‘डीडीआर’, ‘जीडीआर’ म्हणजे पूर्व, ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे पश्चिम, नुसतं ‘जर्मनी’ असेल तर बाकीच्या खुणांवर जा. आणि नाव जर्मन असूनही खाली ‘जपान’ किंवा ‘सिंगापूर’ लिहिलेलं असेल तर चकित होऊ नका. रोलायने सत्तरच्या दशकात उत्पादन सिंगापूरला नेलं. रोलाइनार जपानमध्ये बनली. कॉन्टॅक्स/याशिकाच्या डिस्टागॉन पश्चिम जर्मनी आणि जपान अशा दोन्हीकडे बनल्या. विक्रेते त्यांना ‘एईजी’, ‘एईजे’, ‘एमएमजे’ असं म्हणतात, शेवटचं अक्षर देशाचं. ‘एमएम’ ओळखायची तर ॲपर्चरचा सगळ्यात मोठा आकडा (म्हणजे सगळ्यात लहान भोक) हिरवा असतो. ‘रेव्ह्यूनॉन’ आणि ‘पोर्स्ट’ ही जर्मन दुकानदारांची नावं, आत बरेचदा जपानी लेन्स. लायका आर ची २४ मिमी एल्मारिट मिनोल्टाच्या रचनेवर आहे. आणि १९९९ पासूनचं नवं व्हॉइग्टलेंडर जपानच्या कोसिनाचं.

जपानी म्हणून कमी दर्जाची असं अजिबात नाही. माझ्या मते जपानी २८ एफ/२.८ डिस्टागॉन ही या लेखातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी आहे. फक्त पश्चिम जर्मनीच्या भावाने ती घेऊ नका.

बनावट कुठे असते

नव्वदच्या दशकानंतर पूर्वेकडून आलेल्या मालात ‘कार्ल झाइस येना बायोगॉन ३,५ सेंमी’ असं छान कोरलेल्या, तांबडा ‘टी’ (कोटिंगची खूण) मिरवणाऱ्या लेन्सेस सापडतात. त्यातल्या बऱ्याच सोव्हिएत ज्युपिटर-१२ असतात. ज्युपिटर ही युद्धाआधीच्या बायोगॉनचीच नक्कल, त्यामुळे काचेवरून फरक पटकन कळत नाही. कोरलेल्या अक्षरांकडे बारकाईने बघा. फार ताजी, फार पांढरी, कडेला रंग सांडलेली, एकमेकांपासूनचं अंतर असमान असेल तर हात आखडा. ज्युपिटर म्हणून घेतलीत तर ती चांगली लेन्स आहे, बायोगॉन म्हणून घेतलीत तर तुम्ही फसलात.

पायरी ६: कोटिंग

कोटिंग म्हणजे प्रतिबिंबं कमी करायला काचेवर दिलेला पातळ थर. खिडकीच्या उजेडात लेन्स तिरकी करा. सगळी प्रतिबिंबं एकाच निळसर-जांभळ्या छटेची असतील तर सिंगल कोटिंग. हिरवं, जांभळं, अंबरी असे वेगवेगळे रंग दिसले तर मल्टिकोटिंग. काचेवर थर देण्याची मूळ पद्धत झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. जुन्या लेन्सवरचा तांबडा ‘टी’ त्याचीच खूण. पश्चिमेच्या झाइसने सत्तरच्या दशकात ‘टी’ला तारा जोडला, रोलायने ‘एचएफटी’ लिहिलं, येनाने ‘एमसी’.

वाइड लेन्समध्ये कोटिंगचं महत्त्व साध्या ५० मिमीपेक्षा जास्त असतं, कारण भिंगं जास्त आणि चौकटीत सूर्य किंवा दिवा येण्याची शक्यताही जास्त. २० एफ/४ फ्लेक्टोगॉन उजेडासमोर धुरकट होते. एमसी असलेली २० एफ/२.८ त्यात बरीच सुधारली आहे. धुरकटपणा आवडत असेल तर जुनी घ्या, पण हूड लावूनच.

पायरी ७: प्रकृती तपासा

इथे घाई करू नका. नाव, साल, देश हे सगळं बरोबर निघालं आणि काचेत बुरशी असेल तर काय उपयोग?

मोबाइलचा टॉर्च मागून लावा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि पुढून तिरकं बघा. समोरून सरळ बघितलंत तर काही दिसणार नाही. कडेकडून आत येणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. एकसारखा दुधी थर म्हणजे धुकं, बहुतेकदा आतल्या ग्रीसची वाफ. काचेच्या काठाला इंद्रधनुषी डाग किंवा पानासारखा आकार म्हणजे चिकटवलेल्या दोन भिंगांमधला गोंद सुटतोय, आणि तो दुरुस्त करणं परवडत नाही. धुळीचे कण आणि एखादा बारीक ओरखडा यांची फिकीर करू नका. श्नायडरच्या लेन्समध्ये काठाशी पांढरे ठिपके दिसतात, पिठाची चिमूट आत पडल्यासारखे. तो आतल्या काळ्या रंगाचा दोष आहे, चित्रात उतरत नाही. त्यावरून किंमत मात्र जरूर उतरवा.

मग ॲपर्चर. खटका ‘ए’वर ठेवून रिंग एफ/१६ ला न्या आणि पिन नखाने दाबून सोडा. पाती झटकन मिटून झटकन उघडली पाहिजेत. येनाच्या लेन्सेसचा हा दुखरा भाग. फोकसचं तेल पाझरून पात्यांवर येतं, पाती चमकदार ओली दिसतात आणि आळसटतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे अधिक होतं. मिररलेसवर तुम्ही हाताने ॲपर्चर मिटवत असल्यामुळे आळशी पातीही चालून जातात, पण तेल पुढे काचेवर उडतं. म्हणून सफाईचा खर्च किमतीत धरूनच बोली लावा.

फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड असेल तर ग्रीस वाळलंय, ते बदलता येतं. मध्येच अडकत किंवा खरखरत असेल तर आटे खराब आहेत, सोडून द्या. पुढच्या कड्यावर फिल्टरचे आटे दबलेले असतील तर लेन्स पडली आहे, आणि पडलेल्या वाइडचं भिंग तिरकं होण्याची शक्यता मोठी असते. हे डोळ्याने कळत नाही, त्यासाठी पुढची पायरी.

विक्रेता परगावचा असेल तर त्याच्याकडून पाच फोटो मागा: मागची बाजू, टॉर्च लावून काच, मिटलेलं ॲपर्चर, कोरलेलं कडं आणि बाजूने नळी. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात प्रत्यक्ष हाताळून घेता येतं, आणि तिथे स्वतःचा अडॅप्टर व कॅमेरा घेऊन जाण्यासारखं दुसरं शस्त्र नाही.

पायरी ८: दोन लेन्सेसची तुलना

ट्रायपॉड लावा. शक्य तितकी लांबची, तपशिलांनी भरलेली इमारत निवडा. कॅमेऱ्यातली लेन्स सुधारणा बंद, व्हाइट बॅलन्स ठरलेला, फिल्टर काढलेला, स्टॅबिलायझेशन बंद किंवा त्यात योग्य फोकल लेंग्थ भरलेली. पडद्यावर चित्र मोठं करून मध्यावर फोकस करा आणि एफ/२.८, ४, ५.६, ८ वर एकेक फोटो घ्या. मग हीच मालिका कोपऱ्यावर फोकस करून घ्या. दुसरी मालिका लोक टाळतात, आणि मग ‘कोपरे वाईट’ म्हणून लेन्स विकून टाकतात. अनेक जुन्या वाइड लेन्सेसचं फोकसचं प्रतल वाकलेलं असतं. कोपरा मऊ नसतो, तो फक्त वेगळ्या अंतरावर फोकस झालेला असतो.

चारही कोपरे शेजारी ठेवून बघा. चारही सारखे मऊ असतील तर ती रचनेची मर्यादा. एकच कोपरा किंवा एकच बाजू एफ/८ ला सुद्धा मऊ असेल तर भिंग तिरकं आहे, किंवा अडॅप्टर तिरका आहे. दुसरा अडॅप्टर लावून खात्री करा. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात, त्यामुळे रिंग अनंताच्या खुणेपुढे जाते. साध्या लेन्सला त्याने काही होत नाही. जवळ आणि लांब फोकस करताना भिंगांमधलं अंतर बदलणाऱ्या काही वाइड लेन्सेसचे कोपरे मात्र त्यामुळे बिघडतात.

त्यानंतर सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून एक फोटो, दारं-खिडक्यांच्या सरळ रेषा काठाजवळ ठेवून एक, आणि सगळ्यात जवळच्या अंतरावर एक. तुलना पूर्ण.

कोणती घ्यावी

पैसे कमी असतील तर पेंटाकॉन ३० एफ/३.५. तिच्यापेक्षा २९ एफ/२.८ जास्त दिसते आणि जास्त विकली जाते, पण उघड्या ॲपर्चरला ती फिकी असते आणि पातीही कुरकुरतात. मध्यम बजेटला कुर्टागॉन ३५ किंवा झेब्रा फ्लेक्टोगॉन ३५ एफ/२.८. एकच लेन्स ठेवायची आणि जवळचे फोटो आवडत असतील तर फ्लेक्टोगॉन ३५ एफ/२.४, पात्यांवर तेल आलंय का ते तपासून. इमारती, डोंगर, गल्ल्या असं सगळं कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ हवं असेल तर २८ एफ/२.८ डिस्टागॉन. २० मिमी घेण्याची घाई करू नका. जुन्या विसांचे कोपरे आजच्या चांगल्या लेन्सपुढे टिकत नाहीत आणि किंमत मात्र टिकून आहे.

घरी आणल्यावर

लेन्ससोबत आलेलं जुनं चामड्याचं पाकीट शोभेला ठेवा, लेन्स त्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात जर्मनीहून निरोगी आलेली लेन्स एका मोसमात बुरशीची होऊ शकते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. त्याहून कोरडं केलंत तर ग्रीस वाळतं. सिलिका जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. बुरशीची शंका असलेली लेन्स वेगळ्या डब्यात ठेवा आणि लवकर साफ करून घ्या, कारण धागे कोटिंग खाऊ लागले की पुसल्यावरही त्यांचा ठसा काचेवर राहतो. साफ करायला देताना दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा की पुढचा गट उघडण्याआधी त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवायची. जुन्या वाइडमध्ये तो गट अर्धा फेरा चुकीचा बसला तरी पायरी ८ मधली सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.